जावयाची कवटी

४ मार्च

संग्रहालयाचे साहेब आज स्वतः घरी आले. नवं दालन उघडणार आहेत, त्यात एक अख्खी भिंत कवट्यांची. लांडगा, तरस, रानडुक्कर, माकड, घोडा, सगळ्यांच्या कवट्या मी साफ करून द्यायच्या. बंद पडलेल्या प्राणिबागेच्या शीतपेटीत मुंडकी पडून आहेत, ती एकेक करून माझ्याकडे येतील. साहेब नाकाला रुमाल लावून बोलत होते, पण बोलणं गोड. प्रत्येक कवटीची नोंद ठेवा म्हणाले. ती त्यांच्या वहीत ठेवीनच. ही दुसरी वही माझी. हे गेल्यापासून मनातलं बोलायला घरात कोणी नाही. लेक ऐकत नाही आणि सून बोलत नाही.

ह्यांचं काम जनावरांत भुसा भरायचं, कवट्या पहिल्यापासून माझ्याकडे. मागच्या खोलीत काचेची मोठी पेटी आहे, तिच्यात माझी मंडळी राहतात. बारीक काळे भुंगेरे आणि त्यांच्या केसाळ अळ्या. मुंडक्याची कातडी सोलायची, डोळे, जीभ, मेंदू काढायचा, थोडं वाऱ्यावर सुकवायचं आणि पेटीत ठेवायचं, की मंडळी जेवायला बसतात. नाकाच्या आत कागदासारखं पातळ हाड असतं, तिथं सुरी पोचत नाही, पण ही पोचतात आणि हाडाला ओरखडासुद्धा येत नाही. लोक विचारतात, चावत नाहीत का? जिवंत कशालाही ती तोंड लावत नाहीत. एवढी रीत माणसांत कुठं बघायला मिळणार.

घरात कायदे दोनच. किडे मारायचं औषध उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, डासांचंसुद्धा नाही. हा माझा. दुसरा ह्यांचा: जनावर कशानं मेलं ते कळल्याशिवाय मंडळींपुढे वाढायचं नाही.

९ मार्च

रानडुक्कर निघालं. दात बरणीत वेगळे ठेवलेत, शेवटी चिकटवायचे. काय राजस जबडा आहे! उजव्या बाजूला जुनी मोड सापडली, वरून हाडाची गाठ धरलेली. लहानपणी कोणीतरी दणका दिलेला, महिनाभर उपाशी राहिलं असणार, मग हळूहळू खायला लागलं. हे सगळं त्या गाठीत दिसतं. हे म्हणायचे, तू ज्योतिषी व्हायला हवी होतीस, फक्त मागचं सांगणारी.

लेक सुट्टीच्या दिवशी कुत्र्याला झुंजीला घेऊन गेला होता. जिंकून आला. समोरच्या कुत्र्याचा गळा असा फाटला म्हणे, की मालकानं तिथंच दगड घालून त्याला संपवलं. आमच्या कुत्र्याचं नाव मी जावई ठेवलंय. मला मुलगी नाही, तेव्हा हौस अशी भागवली. बसून खातो, वर गुरगुरतो, आणि सासूकडे ढुंकून बघत नाही. लेकाच्या हातचं किंवा लेकाच्या ताटातलं सोडून कशालाही तोंड लावत नाही. लेकानं तसाच तयार केलाय, कोणी विष घालू नये म्हणून.

११ मार्च

जावयानं सुनेची पोटरी फोडली. चूक तिचीच. लेक खाणीवर कामाला गेला की जावई फाटकाशी बसतो. तिनं फाटकाबाहेर जायचं नाही हे त्याला शिकवलंय, म्हणजे तिलाही ठाऊक आहे. तरी गेली. चाव्यातून मांस लोंबत होतं. मी स्वच्छ धुऊन टाके घातले, कातडीला टाके घालायला माझ्यासारखा हात कोणाचा नाही. कुठं निघाली होतीस विचारलं, तर म्हणे, सहज. पिशवीत दोन लुगडी घेऊन कोणी सहज जातं का. मी लेकाला सांगितलं नाही, उगाच आगीत तेल कशाला.

१५ मार्च

सून मोरीत पडली. मी मागच्या खोलीत पेटी झाडत होते. आधी लेकाचा आवाज, मग धप्प, मग भांडी घरंगळली. बाहेर आले तर ती भिंतीशी बसलेली आणि मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. लेक चपला घालून निघून गेला.

डॉक्टरीणबाईंनी हाताचा आणि छातीचा फोटो काढला आणि उजेडावर धरला. नवी मोड मनगटाची. पण खाली त्याच हाताला जुन्या दोन मोडी, एक पुरती मुरलेली, एक तिच्यानंतरची, आणि फासळीवर अजून एक गाठ. मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, कसं सुरेख सांधलंय बघा, जनावरातसुद्धा इतकं सरळ सांधलेलं मिळत नाही. त्यांनी फोटो खाली ठेवला. मग सुनेला विचारलं, कशानं झालं. मीच म्हटलं, मोरीत पडली, धांदरटच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लेक तापट आहे, मी कुठं नाही म्हणते. पण भांड्याला भांडं लागतंच. मला मात्र त्यानं आजवर बोट लावलेलं नाही.

२० मार्च

शेजारचा सुतार एक फळी घेऊन आला. चांगल्या लाकडाला चाळणीसारखी भोकं. म्हणाला, मावशी, तुमच्या अळ्या भिंतीतून माझ्याकडे येतात. त्याचं खोटं नाही. कोष करायची वेळ आली की त्यांना काहीतरी पोखरून आत शिरायचं असतं. मी त्यासाठी पेटीत थर्माकोल ठेवते, तरी एखादी उनाड निघतेच. पण कबूल केलं तर रोज येईल. म्हटलं, वाळवी असेल. तो म्हणाला, वाळवीला माझ्याकडे औषध आहे, मावशी, तुमच्या पाहुण्यांनाही तेच घालावं लागेल. हसत म्हणाला, पण मी लक्षात ठेवलंय.

तो गेल्यावर सून कितीतरी वेळ त्या भिंतीकडे बघत होती.

२६ मार्च

आज घरात रणकंदन. लेकानं मटण आणलं होतं. सुनेनं प्लास्टरच्या हातानं रांधलं, वास चांगला सुटला होता. मला मात्र तिनं वेगळं वाढलं. मऊ भात आणि दूध. म्हणे, आई, मटण वातड आहे, तुमच्या दातांना झेपायचं नाही. आता सुना सासूचे दात मोजणार. मी मुकाट्यानं गिळला.

लेकानं पहिलाच घास तोंडात घातला, तोंड वेडंवाकडं केलं आणि थुंकला. कडू केलंस म्हणाला. ताट उचलून तिच्या तोंडावर फेकलं. कड लागून तिची भुवई फाटली, मटण भिंतीवर, जमिनीवर, तिच्या केसांत. मग केस धरून तिचं डोकं त्या सांडलेल्यात दाबलं, खा म्हणाला, तू खा. तिनं ओठ असे मिटून घेतले होते की दातखीळ बसल्यासारखी. मी म्हटलं, अरे पुरे, शेजारी ऐकतील. तेव्हा सोडलं आणि बाहेर जेवायला निघून गेला.

अन्न वाया गेलं नाही एवढंच. जावयानं जमीन चाटूनपुसून साफ केली.

पातेल्यात बरंच उरलं होतं. सून ते मोरीत ओतायला निघाली. म्हटलं, अगं, उधळपट्टी कसली ही, दे मला, रश्शाला कुठं दात लागतात. तर तिनं माझ्या हातातून पातेलं हिसकावून घेतलं. सासूच्या हातातून! तिच्या भुवईतलं रक्त माझ्या ताटात पडलं. मग जमीन साबणानं धुतली, परत धुतली, तोंड आणि केस तर सोलून निघेपर्यंत घासले. कानामागून आली आणि तिखट झाली, ते हेच.

२७ मार्च

जावई मेला. सकाळी उठले तर अंगणात लोळत होता, पाय झाडत होता, तोंडाला फेस. मान इतकी मागं वळली की पाठीला टेकली. लेकानं मांडीवर घेतला, त्याच्या तोंडात पाणी घालत राहिला. इतका मोठा बाप्या, त्याचे वडील गेले तेव्हा रडला नाही, तो आज लहान पोरासारखा रडला. मलाही भडभडून आलं. मी म्हटलं साप चावला असेल, परसात गवत माजलंय.

लेक म्हणाला, आई, ह्याची कवटी कर, माझ्या कपाटावर ठेवीन. सून दारात उभी होती. ती माझ्याशी आपणहून कधी बोलत नाही, आज माझ्या जवळ येऊन म्हणाली, "आई, नका ना त्याला पेटीत टाकू. पुरून टाकू या." ज्या कुत्र्यानं पोटरी फोडली त्याची एवढी माया! मला तिचं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण लेकाचा शब्द कसा मोडणार.

ह्यांचा कायदा आठवला. पण साप चावला तर मंडळींना काही होत नाही, मी सापानं मेलेलं वासरू वाढलेलं आहे. मुंडकं सोलून सुकत ठेवलं. मानेचा तुकडा फ्रीजमध्ये टाकला, पुढंमागं मंडळींना उपास पडला तर.

३ एप्रिल

मंडळी जेवत नाहीत.

परवा जावयाचं मुंडकं पेटीत ठेवलं. काल अळ्या सुस्त वाटल्या, म्हटलं गारवा असेल. आज पेटी उघडली तर सगळ्या उलट्या पडलेल्या. भुंगेरे पाय वर करून. हातानं ढवळलं, कोरड्या धान्यासारखा आवाज आला. ह्यांनी पहिल्या मूठभर अळ्या तंबाखूच्या डबीतून आणल्या होत्या. त्या मूठभरांची ही पोरंसोरं, नातवंडं, पणतवंडं. संग्रहालयाची भिंत राहिली बाजूला, मला घर बसल्यासारखं झालं. जमिनीवर बसून छाती पिटून रडले.

आणि मग भिंतीकडे लक्ष गेलं. पलीकडून वाळवीच्या औषधाचा उग्र वास येत होता. हातच्या काकणाला आरसा कशाला. सुतारानं तोंडानं सांगितलंच होतं.

लेक खाणीवरून आला तेव्हा मी सांगितलं. हात धुवायलाही थांबला नाही.

४ एप्रिल

काल पुढचं लिहवलं नाही.

सुतार एका खिडकीला पॉलिश करत होता. लेकानं त्याला कॉलर धरून उचलला आणि फळ्यांच्या चवडीवर आपटला. सुतार अंगानं काडी, तरी दोनदा उठला. लेकानं त्याचाच हातोडा घेतला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. दात उडून भुशात पडले. मी दारात होते. थांब म्हणाले नाही. मी म्हटलं, "त्या हातानं फवारलंय ना, तो हात फोड." लाकूड आवळायच्या पकडीत त्याचा पंजा घालून लेकानं दांडा फिरवला. हाडं मोडल्याचा आवाज मला चांगला ओळखता येतो. सुतार ओरडताना एवढंच म्हणत होता, मावशी, तुमच्या किड्यांवर मी काही टाकलं नाही हो.

घरी आले तेव्हा बरं वाटत होतं. आज वाटत नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्याचे ते भुशातले दात येतात. सवयीनं वाटलं की वेचून बरणीत ठेवावेत, शेवटी चिकटवायला.

पोलीस येऊन गेले, पण आमच्याकडे नाही. सुतारानं इस्पितळात सांगितलं म्हणे, फळ्यांची चवड अंगावर पडली. घाबरला असेल. खाई त्याला खवखवे.

जावयाचं मुंडकं पेटीतून काढून कोमट पाण्याच्या बादलीत टाकलंय. आता सडूनच साफ होईल. वास येतो, पण कवटी मिळते.

१० एप्रिल

चार दिवसांपूर्वी कपाटाच्या मागं थर्माकोलचा एक जुना तुकडा सापडला, आणि त्यात जिवंत कोष! त्यातले भुंगेरे निघाले. हसू आणि रडू एकदम आलं. पण आता तोंड पोळलेलं, ताकही फुंकून पिणार. दोन बरण्या केल्या. एकीत रानडुकराचा सुका तुकडा, दुसरीत जावयाच्या मानेचा. डुकराच्या बरणीतले मजेत आहेत. जावयाच्या बरणीतले दुसऱ्या दिवशी उलटे.

म्हणजे फवारलं कोणी नव्हतंच. औषध जावयाच्या मांसात होतं. माझ्या मंडळींना मीच ते वाढलं.

चहा पिताना लेकाला सगळं समजावून सांगितलं, बरण्या दाखवल्या. शहाणपणा मिरवायची मला हौस. म्हटलं, साप नव्हे, जावयाला विष घातलंय. सुनेच्या हातून कप पडून फुटला. लेक म्हणाला, सुतारानं तुकडा टाकला असेल, आता जीवच घेतो. इस्पितळात गेलाही, पण पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. परत आला. फाटकाशी, जावई बसायचा तिथं, बसून राहिला. मग स्वतःशीच म्हणाला, पण तो दुसऱ्याच्या हातचं खात नव्हता.

१४ एप्रिल

इस्पितळात जाऊन आले. का गेले, नक्की सांगता येत नाही. विष फवारलं नव्हतं तर मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की काय, हे मनातून जात नव्हतं. सुतार एका डोळ्यानं बघतो, दुसरा गेला. उजव्या हाताला कोपरापर्यंत बांधलंय. रंधा धरायचा हात.

मी विचारलं, खरं सांग, कुत्र्याला तू घातलंस? तो दात नसलेल्या तोंडानं बोलला, मला कान जवळ न्यावा लागला.

"मावशी, तुमची सून परसातल्या भिंतीशी आली होती. मुंग्यांसाठी थोडं औषध द्या म्हणाली. मी तिच्या हाताचं प्लास्टर बघितलं, तोंड बघितलं, आणि काही विचारलं नाही. दिलं."

मी म्हटलं, मग मार खाताना हे का नाही सांगितलंस, सुटला असतास.

"मग त्यानं तिला धरलं असतं," म्हणाला. "मला मारून तो थांबला. तिच्यावर थांबला नसता."

पोलिसांनाही त्यानं म्हणूनच खोटं सांगितलं. लेकाला धरला असता तर औषधाची गोष्ट निघाली असती. एवढा मार ह्या काडीच्या माणसानं परक्या पोरीसाठी खाल्ला, आणि मी दारात उभी राहून हात फोड म्हणाले.

संध्याकाळी सून स्वयंपाक करत होती. मी तिच्या मागं उभी राहिले. जावई लेकाच्या ताटातलं खायचा. ताट त्या दिवशी कोणासाठी वाढलं होतं? आणि मग दुसरी गोष्ट आठवली, तिनं जास्त धक्का दिला. मऊ भात. दूध. हिसकावलेलं पातेलं. भुवई फुटलेली, मार पुढं ठरलेला, तशातही ती माझ्या हातातून रस्सा ओढून घेत होती.

माझ्या पोटच्या गोळ्याला ती मारणार होती. मला नाही. रात्र झाली तरी मी दोन्ही गोष्टी उलटसुलट करतेय.

१९ एप्रिल

जावयाची कवटी निघाली. साबणाच्या पाण्यातून काढली, पेरॉक्साइडनं पुसली, उन्हात ठेवली. दात बसवताना बघितलं. नाकाच्या हाडावर जुनी चीर, भरलेली. खालच्या जबड्यावर गाठ. डोळ्याच्या खोबणीवर आणखी एक, ताजी. एका मोसमातल्या नाहीत ह्या. बुटाच्या टोकानं अशाच होतात, गाढवाच्या कवट्यांवर खूप पाहिल्यात.

ह्या कुत्र्याला कोणीतरी वर्षानुवर्षं माझ्या घरात तुडवत होतं, आणि तरी तो त्याच्याच हातचं खात होता.

मग डॉक्टरीणबाईंनी उजेडावर धरलेला तो फोटो आठवला. पुरती मुरलेली मोड म्हणजे तीन वर्षांची. लग्नाला तीन वर्षंच झाली. मला दुरून डुकराचा जबडा वाचता येतो आणि पंगतीला शेजारी बसलेली पोर वाचता आली नाही. वाचता आली नाही हेही खोटं. आली होती. मी तिचं सांधलेलं हाड सुरेख म्हटलं.

कवटी टेबलावर ठेवून हे लिहितेय. लेक यायची वेळ झाली.

२४ एप्रिल

डाव्या हातानं लिहितेय, अक्षर कोंबडीच्या पायाचं.

त्या दिवशी लेकानं कवटी हातात घेतली, कुरवाळली. सून पाणी घेऊन आली. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी ताट कोणी वाढलं होतं?" आवाज अगदी शांत. मी त्याला पोटात वाढवलाय, तो शांत आवाज मला कळतो. तिनं पाण्याची कळशी खाली ठेवली. त्यानं कोपऱ्यातली पहार उचलली.

मी म्हटलं, "विष मी घातलं."

तो वळला. मी सांगत गेले, खोटं बोलायला मला कधी जड गेलेलं नाही. म्हटलं, तुझा कुत्रा माझ्या मंडळींच्या खोलीत शिरायचा, मला त्याचा कंटाळा आला होता, ताटातलं तू त्याला टाकतोस हे ठाऊक होतं, म्हणून वाढताना कडेला दोन तुकडे विषाचे ठेवले. तो म्हणाला, मी खाल्लं असतं तर? मी म्हटलं, नाही ना खाल्लंस.

पहार आली तेव्हा मी हात वर केला. हाडाचा आवाज आधी आला, दुखणं मागून. खाली पडले, जावयाची कवटी पडून दुभंगली. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा टेबलावर. "आई" म्हणतच मारत होता. आपलेच दात, आपलेच ओठ. डोळ्यांत रक्त उतरलेलं, नाकावर ह्यांच्यासारखाच घाम. मला त्याची इतकी दया आली की ओरडताही येईना.

सुनेनं पाण्याची कळशी त्याच्या डोक्यात घातली. तो बसला, मेला नाही, नुसता बसला. तिनं मला काखेत धरून ओढत फाटकाबाहेर काढलं. फाटकाशी आता कोणी बसलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. हात त्याच जागी मोडलाय, मनगटाच्या वर, सुनेचा मोडला तिथंच. म्हाताऱ्या हाडाचे तीन तुकडे. विचारलं, कशानं झालं?

सून सवयीनं म्हणाली, "मोरीत पडल्या."

मी म्हटलं, "नाही. माझ्या मुलानं मारलं. हिलाही त्यानंच मारलंय, तीन वर्षं. मागचा फोटो काढा, मी एकेक मोड सांगते, तुम्ही लिहून घ्या."

मग सगळं सांगितलं. सुताराचंही, आणि हात फोड मी म्हणाले तेही. लेकाला धरून नेलं. नेताना तो ओरडत होता, आईनं माझा कुत्रा मारला. पोलिसांनी मला विचारलं, खरं का? मी हो म्हटलं. कुत्र्यासाठी आईला पहारीनं मारलं हे त्यांना पुरलं, पुढं कोणी काही विचारलं नाही. तो दिसेनासा होईपर्यंत मी बघत होते. छातीत असं तुटलं, की हाताचं दुखणं विसरले.

साहेबांचा निरोप आला, भिंत थांबली तरी चालेल म्हणाले. थर्माकोलमधल्या मंडळींना पिल्लं झालीत. सून त्यांना डुकराचे तुकडे घालते, आधी घाबरायची, आता बोटानं उचलते. फुटलेली कवटी मी चिकटवणार नाही, पुरून टाकायला सांगितली.

आज तिनं जेवायला वाढलं. मटण होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. त्या दिवसाबद्दल आम्ही एक शब्द बोललेलो नाही. मी म्हटलं, वातड आहे का? ती म्हणाली, नाही, आई, मऊ शिजवलंय. एकाच पातेल्यातलं दोघींच्या ताटांत वाढलं. मला डाव्या हातानं जमेना, तेव्हा पहिला घास तिनं भरवला, आणि मी खाल्ला.